चपला कुठे लिहायच्या?

परवा आरडीवाल्या ताई घरी आल्या. हातात रबर लावलेला पासबुकांचा गठ्ठा आणि घडी घालून घालून मऊ पडलेला 2025-26 चा टीडीएसचा कागद. "भाऊ, हे कापलेले पैसे परत भेटते म्हणते. खरं का?"

खरं आहे. वर्षाचं कमिशन 96 हजार, त्यावर 2 टक्के कपात, म्हणजे 1,920 रुपये. एकूण उत्पन्न कराच्या आत आहे, तेव्हा रिटर्न भरलं की पैसे खात्यात येतात. मी फॉर्म उघडला आणि विचारलं, "वर्षभरात खर्च किती झाला?"

"मले कायचा खर्च? शाळेतून सुटलं, चपला घातल्या, फिरलं. झालं."

"तरी?"

"वर्षाले चपलेचे दोन जोड लागते. तेवढाच."

ताई सकाळी एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ कारकुनी करतात आणि दुपारनंतर महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट असतात. ही योजना 1972 ची. बायांनी बायांकडे जायचं, दर महिन्याला पोस्टाच्या आरडीचा हप्ता गोळा करायचा, यादी करून डाकघरात भरायचा आणि त्यावर 4 टक्के कमिशन मिळवायचं. वर्ध्यात बजाज चौक, रामनगर, आर्वी नाका, सिंदी मेघे अशा वस्त्यांत अशा ताया तुम्ही पाहिल्या असतील. दारात उभ्या राहतात, पाणी नको म्हणतात, पैसे मोजतात, वहीत टिंब करतात आणि पुढच्या दाराला जातात.

खर्च नाही म्हणणाऱ्या या बाईला मी एकेक प्रश्न विचारत गेलो. बाहेरगावच्या बायांकडे कशा जाता? स्कूटीने. पेट्रोल? "ते तं लागतेच." ऑनलाइन यादी कोण करून देतं? कॅफेवाला, दर वेळी पैसे घेतो. मोबाईल? दिवसभर फोनच चालू, "ताई, आज या," "ताई, आज पैसे नाई." झेरॉक्स, वह्या, कार्बन, पिशवी, स्कूटीचं सर्व्हिसिंग, टायर. अर्ध्या तासात कागदावर 34 हजार रुपये उभे राहिले. तिच्या मते हा खर्च नव्हताच. ते तर लागतंच, म्हणून तो खर्च नाही!

माझा राग याच "लागतेच" वर आहे. नोकरीबाहेर चार पैसे कमावणारा आपला माणूस आलेला पैसा मोजतो, गेलेला मोजत नाही. शिकवणी घेणारी, लग्नाचे फोटो काढणारा, विम्याचं काम बघणारा, संध्याकाळी घराचे नकाशे काढणारा, घरी केक करून विकणारी, सगळ्यांची तीच सवय. मिळालेली रक्कम म्हणजे कमाई, असं ते धरून चालतात. आयकराचा कायदासुद्धा असं म्हणत नाही. कायदा नफ्यावर कर मागतो. मिळालेल्या रकमेतून त्या कामासाठी पूर्णतः आणि केवळ त्या कामासाठीच झालेला खर्च वजा करा आणि उरेल ते सांगा, असं तो स्वतःहून म्हणतो. म्हणजे हा खर्च मागताना कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. कमाई मोजायची पहिली पायरीच ती आहे.

आता कुणी म्हणेल, नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर नाही, मग ही कटकट कशाला? ज्यांचं सगळं मिळून उत्पन्न त्याच्या बरंच आत आहे, त्यांना करापुरता फरक पडत नाही, हे मान्य. पण उंबरठ्यावर उभे असलेल्यांचं गणित बघा. ते बघून मी स्वतः दोनदा आकडेमोड केली.

समजा एका घरात भाऊ-बहीण. दोघांनाही खासगी नोकरीत 12 लाख पगार. 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरले 11 लाख 25 हजार. भाऊ इंजिनिअर, सुटीच्या दिवशी घरांचे स्ट्रक्चरल नकाशे करून देतो. बहीण पुण्याच्या कंपनीचं काम वर्ध्याच्या घरी बसून करते आणि शनिवार-रविवार शास्त्रीय गाणं शिकवते. दोघांनाही वर्षाला जोडधंद्यातून 1 लाख 40 हजार मिळतात.

भावाला 44एडीए हे कलम लागू होतं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर अशा ठरावीक पेशांना कायदा म्हणतो, मिळालेल्यातले निम्मे नफा म्हणून दाखवा, बिलं आम्ही मागत नाही. भावाचा नफा 70 हजार. एकूण 11 लाख 95 हजार. कर शून्य.

गाणं शिकवणं त्या यादीत नाही. बहिणीने खर्च लिहिला नाही, तर तिचं उत्पन्न 12 लाख 65 हजार. उंबरठा ओलांडल्यावर मिळणारी सीमांत सवलत धरूनसुद्धा कर 65 हजार, वर 4 टक्के उपकर, मिळून 67,600 रुपये. हार्मोनियमची डागडुजी, तबलावाल्याचं मानधन, खोलीचं भाडं, येणं-जाणं असा 40 हजारांचा खरा खर्च तिने लिहिला, तर कर 26 हजारांवर येतो. खरा खर्च 70 हजार असेल आणि तो लिहिला, तर तिचाही कर शून्य. या पट्ट्यात न लिहिलेला प्रत्येक रुपया सरकारजमा होतो आणि वर उपकरही लागतो. महिनाभर रियाज घेऊन मिळवलेलं बिलाच्या आळसात जातं.

आणखी एक गैरसमज इथे रुतून बसलाय. "नवीन रचनेत कुठलीच वजावट भेटत नाही." विमा, पीपीएफ, घरभाडं यांच्यापुरतं ते बरोबर आहे. धंद्याचा खर्च त्यात येत नाही. तो जुन्या रचनेत जसा वजा होतो, तसाच नव्या रचनेतही होतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यात एवढी एक ओळ नसते, म्हणून कितीतरी जण हक्काचं सोडून देतात. आणि पगारदाराने दर वर्षी रचना बदलता येते म्हणून निर्धास्त राहावं, तर जोडधंद्याचं उत्पन्न आलं की ती मोकळीक जाते. मग जुन्या रचनेत जायला वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि एकदा नव्या रचनेत परतलं की पुन्हा मागे फिरता येत नाही.

भाऊ-बहिणीनंतर तिसरी आहे आमची ताई. दुकानदाराला, शिंप्याला, केकवालीला 44एडी आहे. उलाढालीच्या 8 टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर 6 टक्के नफा दाखवून ते मोकळे. गाण्याच्या शिकवणीला ते लावावं का, यावर सल्लागारांची मतं दोन आहेत. कमिशनवाल्यांबद्दल मात्र दोन मतं नाहीत. कमिशन, दलाली, एजन्सी यांना त्या कलमाने स्पष्ट बाहेर ठेवलंय. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आयकर कायदा आला, 44एडी आणि 44एडीए ही दोन्ही कलमं आता 58 मध्ये एकत्र गेली, मागील वर्ष आणि आकारणी वर्ष जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. ताई बाहेर होत्या, बाहेरच राहिल्या. ज्याच्याकडे ऑफिस आहे, मदतनीस आहे, लॅपटॉप आहे त्याला बिल न दाखवता निम्मं माफ. उन्हातान्हात फिरणारीने मात्र झेरॉक्सची चिठ्ठी जपून ठेवायची. हे उलटं आहे आणि ते दुरुस्त झालं पाहिजे.

विमा एजंटांसाठी एक ठोक सवलत आहे. वर्षाचं कमिशन 60 हजारांच्या आत असेल आणि सविस्तर हिशेब ठेवला नसेल, तर पहिल्या वर्षाच्या कमिशनच्या 50 टक्के आणि नूतनीकरणाच्या 15 टक्के, जास्तीत जास्त 20 हजार, वजा धरता येतात. ही मर्यादा 1993 च्या परिपत्रकातली. महिन्याला 5 हजार तेव्हा बरी कमाई होती. त्यानंतर करमुक्तीची मर्यादा, स्लॅब, पेट्रोलचा भाव, पोस्टाचं पाकीट, सगळं बदललं. 60 हजारांना कुणी हात लावला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एका परिपत्रकाने हा आकडा वाढवावा आणि अल्पबचतीच्या, विम्याच्या छोट्या एजंटांना ठोक वजावटीचा पर्याय द्यावा. यासाठी संसदेत जावं लागत नाही. अधिकाऱ्याची एक सही लागते.

सरकारला एवढं सांगून झालं. आता आपल्याला.

जुलै जवळ आला की गावोगावी "रिफंड काढून देतो" म्हणणारे फिरू लागतात. इतके टक्के आमचे, बाकी तुमचे. खोटं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, काय वाट्टेल ते टाकतात. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा दलालांवर कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी आपणहून सुधारित विवरणपत्रं भरून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने तेव्हा सांगितलं. दलालांनी रिटर्नांसाठी तात्पुरते ईमेल पत्ते उघडले आणि नंतर सोडून दिले. त्यामुळे नोटिसा आल्या त्या कुणीच वाचल्या नाहीत. नोटीस करदात्याच्या नावाची, दंड करदात्याला. माहिती खोटी दिली असेल तर तो कराच्या दुप्पट, म्हणजे 200 टक्के.

माझ्या ओळखीतलेही काही यात सापडले. त्यांतल्या एकाचा फोटोग्राफीचा खरा जोडधंदा होता. कॅमेऱ्याचा घसारा, अल्बमची छपाई, सोबतच्या पोराची मजुरी, गाडीभाडं, सगळं खरं, सगळं त्याच्या हक्काचं. त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एका पक्षाला दिलेल्या देणगीचं, जी त्याने कधी दिली नाही. खरा खर्च मागायला लाज वाटते आणि खोटा टाकायला हात थरथरत नाही, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. ज्या गावात मगनवाडी आहे, त्या गावात तर मुळीच नाही.

मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहायचे. ते लंडनला हिशेबनीस म्हणून शिकले, मुंबईत स्वतःची ऑडिटची पेढी चालवली, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला आणि मग गांधीजींकडे आले. 1934 च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचा सगळा कारभार त्यांनी पाहिला. त्याच वर्षी जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला होता. मदतनिधीचा हिशेब जमनालाल बजाजांच्या सांगण्यावरून कुमारप्पांकडे आला. त्यांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणाच्या खर्चाला मर्यादा घालून दिली. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे जायचे ठरले, तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळवलं की या मंडळींचा खर्च निधीतून करता येणार नाही, तुमचं तुम्ही बघा. निधी भूकंपग्रस्तांसाठी होता, पाहुण्यांसाठी नव्हता. गांधीजींना ते मानावं लागलं.

'पूर्णतः आणि केवळ त्या कामासाठी' म्हणजे काय, हे मला कुठल्याही कलमापेक्षा या प्रसंगातून जास्त कळलं. कामाचा खर्च कामावर टाका, एक आणाही सोडू नका. जो कामाचा नाही, तो गांधीजींचा असला तरी टाकू नका. दोन्ही बाजू सारख्याच कडक. आपण यांतली कुठलीच पाळत नाही.

म्हणून मी ताईंना काही गोष्टींना ठाम नाही म्हटलं. दिवाळीत गिऱ्हाइकांना दिलेली मिठाई लिहा, पण घरच्यांसाठी आणलेली गोरसपाकाची पाकिटं त्यात मिसळू नका. स्कूटीवर मुलगी कॉलेजलाही जाते, तर पेट्रोलचा तेवढा भाग सोडा. घर, गाडी, फोन अशी वस्तू धंद्याला आणि घराला दोन्हीकडे वापरली जाते, तेव्हा रास्त हिस्साच मिळतो. तो हिस्सा कसा काढला, हे सांगता आलं पाहिजे. एक महिना स्कूटीचे किलोमीटर लिहून काढले की वर्षभराचं प्रमाण हातात येतं. हेल्मेट नाही म्हणून भरलेलं चलान मिळत नाही. टेबलाखालून दिलेलं चहापाणी कायद्याने वजा होत नाही, आणि व्हावंही नाही. कुणाचा हप्ता चुकू नये म्हणून ताई कधीकधी स्वतःच्या पदरचे पैसे भरतात. ते उसने दिलेले पैसे झाले, खर्चात धरता येत नाहीत.

आणि स्कूटी स्वतः? 80 हजारांची गाडी घेतली म्हणून 80 हजार त्याच वर्षी खर्चात टाकणारे मी पाहिलेत. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू घसाऱ्याने वजा होते. स्कूटीला 15 टक्के, संगणकाला 40, लाकडी टेबल-खुर्चीला 10, आणि घेतली त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मे. एका दिवसात एकाच माणसाला 10 हजारांवर रोख दिले तर तो खर्च जातो, तेव्हा मोठी रक्कम बँकेतून द्या. एवढं समजलं की जोडधंद्याचं ऐंशी टक्के काम भागतं. उरलेल्यासाठी चांगला सीए गाठा. त्याची फीसुद्धा खर्चात धरता येते.

पावत्यांचं वर्ध्याच्या उन्हाशी वैर आहे. पेट्रोल पंपाची ती गुळगुळीत पावती स्कूटीच्या डिकीत ठेवा, मे महिना उलटला की कोरा कागद हातात येतो. मी खरंच तसा कागद दिव्यासमोर धरून आकडा शोधलाय, कडेला पंपाच्या नावाची दोन अक्षरं तेवढी उरली होती. त्याच दिवशी फोटो काढा. यूपीआयने पैसे द्या, म्हणजे बँकेचं पानच साक्षीदार होतं. जिथे पावती मिळतच नाही, ऑटोवाला किंवा हमाल, तिथे त्याच दिवशी वहीत तारीख, रक्कम, कशासाठी, एवढं लिहा. वर्षाचा नफा अडीच लाखांच्या आत आणि उलाढाल 25 लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या माणसावर कायदा हिशेबाच्या वह्यांची सक्तीही करत नाही. पण खर्च मागायचा तर पुरावा आपल्याकडे हवा, आणि तो मार्चमध्ये एका बैठकीत वेगवेगळ्या पेनांनी तयार झालेला नसावा.

जिल्ह्यातली एक खास गोष्ट सांगतो, कारण ती विचारायला दर वर्षी कुणीतरी येतंच. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. शेतातली हळद उकडली, वाळवली, पॉलिश केली, बाजारात नेऊन विकली, इथपर्यंत सगळं शेतीचं उत्पन्न, आयकर नाही. पण घरच्या घरी दळून, पाकिटं भरून, लेबल लावून पुण्या-मुंबईला पाठवायला लागलात की पुढचा भाग धंदा झाला. इथे दोन चुका होतात. एक घर म्हणतं, हळद आमची, म्हणजे पावडरही शेतीच, आणि काहीच दाखवत नाही. दुसरं घर सगळी विक्री धंद्यात दाखवतं, आणि हळद घरची म्हणून कच्च्या मालाचा खर्च शून्य लिहितं. दोन्ही चूक. घरच्या हळकुंडांचा त्या दिवशीचा बाजारभाव धंद्याच्या हिशेबात कच्चा माल म्हणून वजा होतो. मात्र बियाणं, खत, निंदणाची मजुरी पुन्हा वेगळी धरता येत नाही, ती त्या भावात आली. दळण, पाकिटं, कुरिअर, लेबल मात्र धंद्याचा खर्च. ज्या बाईने बेणं लावलं, तिच्या हळदीला तिच्याच वहीत भाव नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. सासूने विचारलं होतं, "घरच्या वस्तूचे पैसे कायले लिहाचे?" व्यापाऱ्याला दिली असती तर त्याने पैसे दिलेच असते ना, म्हणून लिहायचे.

कर्जाचीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. काही जण खर्च मुद्दाम लिहीत नाहीत. नफा मोठा दिसला की बँक कर्ज जास्त देते. घर बांधायचं असतं, मी समजू शकतो. पण जो नफा झालाच नाही, त्यावर काढलेल्या कर्जाचा हप्ता खऱ्या नफ्यातूनच भरायचा असतो. खर्च न लिहिता कागदावर उरलेले 34 हजार हप्ता भरायला येत नाहीत.

ताईंकडे परत येतो. हिशेब होत आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग चपला कुठे लिहाच्या?"

मला खोटं सांगता आलं नाही. चपला कुठेच लिहायच्या नाहीत. आपल्या कायद्यातले 'पूर्णतः आणि केवळ' हे शब्द इंग्रजांच्या कायद्यातून आले आणि तिथे या प्रश्नावर वरच्या कोर्टापर्यंत वाद गेलाय. ॲन मॅलालिऊ नावाच्या बॅरिस्टर बाईंनी कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला होता. 1983 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो नाकारला. कपडे कोर्टासाठी असले तरी ऊब आणि अंग झाकणं हेही त्यातून साधतंच, म्हणून ते केवळ कामासाठी नाहीत. चपलांचंही तसंच. ताई एजंट नसत्या तरी पायात काहीतरी घातलंच असतं. इंजिनच्या झिजेला कायद्यात 15 टक्के आहेत. टाचेच्या झिजेला काहीच नाही.

"नाई तं नाई," त्या म्हणाल्या, आणि वही पुढे ओढली. मी आखून दिलेल्या रकान्यांत त्यांनी स्वतःच मागच्या महिन्याच्या फेऱ्या भरायला घेतल्या. पवनारकडच्या एका वस्तीपाशी पेन थांबलं. तिथे पाच बाया, दोनशे-दोनशेची आरडी. एका खात्यावर महिन्याला 8 रुपये, पाचांचे मिळून 40. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, पेट्रोल चाळीसचं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी शेजारी-शेजारी लिहून पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, तिकडची फेरी सोडली तर?"

"मी नाई गेली तं त्या भरन नाई," त्या म्हणाल्या. "एकीच्या पोरीची फी त्याच पैशातून भरली मागच्या वर्षी."

आणि त्यांनी जमेच्या रकान्यात 40 लिहिले, खर्चाच्या रकान्यात 40 लिहिले, आणि पुढच्या महिन्याची तारीख टाकली.